तलवारीच्या चकतीवरचे प्राणी: जपानी त्सुबा कशी पाहावी, कशी निवडावी

जपानी तलवारीचे पाते जिथे संपते आणि मूठ जिथे सुरू होते, त्या सांध्यावर धातूची एक चकती बसवलेली असते. तिला त्सुबा म्हणतात. मोठ्या तलवारीच्या त्सुबाचा व्यास साधारणपणे ७ ते ८ सेंटिमीटर असतो आणि जाडी बहुधा ४-५ मिलिमीटरची असते, म्हणजे ती तळहातावर सहज मावते. भोसकताना हात मुठीवरून घसरून पात्यावर जाऊ नये, प्रतिस्पर्ध्याचे पाते सरकत बोटांपर्यंत येऊ नये आणि तलवारीचा तोल हातात नीट राहावा, ही तिची मूळ कामे. एवढ्याशा जागेत जपानी कारागिरांनी माकडे, ससाणे, चतुर, खेकडे, मासे, वाघ आणि ड्रॅगन असे सारे प्राणिविश्व उभे केले. जगभर या चकत्या जमवणारे लोक आहेत आणि त्यांपैकी अनेकांचा ओढा प्राण्यांच्या नक्षीकडे असतो. नव्याने जमवू लागलेला माणूस प्राणी पाहून त्सुबा निवडतो, तर मुरलेला माणूस आधी धातू पाहतो आणि मग प्राण्याकडे वळतो. हा क्रम का महत्त्वाचा आहे, हेच मला या लेखात समजावून सांगायचे आहे.

ही चकती तलवारीपासून वेगळी कशी जमवता येते, असा प्रश्न मराठी वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. आपल्याकडच्या तलवारीत मूठ, परज आणि मुठीच्या टोकाची वाटी हे सगळे धातूत एकत्र घडवलेले असते आणि पाते त्यात लाखेसारख्या द्रव्याने घट्ट बसवलेले असते. त्यातला एक भाग सुटा काढून ठेवण्याची सोय नसते. जपानी तलवारीची रचना याच्या नेमकी उलट आहे. तिथे मूठ पात्याला बांबूच्या एका छोट्या खुंटीने अडकवलेली असते. ती खुंटी ठोकून काढली की मूठ, चकती आणि चकतीच्या दोन्ही बाजूंच्या पातळ पट्ट्या एकेक करून सुट्या होतात. त्यामुळे एकाच पात्यावर वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळी त्सुबा चढवता येई आणि ऐपतदार सामुराई ऋतू, समारंभ आणि आवड पाहून ती बदलत. इडो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या दीर्घ शांततेच्या काळात, तलवार रणांगणापेक्षा पोशाखाचा भाग अधिक झाली आणि त्सुबावरची कलाकुसर बहरली. पुढे २८ मार्च १८७६ रोजी मेइजी सरकारने सर्वसामान्यपणे तलवार बाळगून फिरण्यावर बंदी घातली, तेव्हा असंख्य तलवारींचा साज सुटा होऊन बाजारात आला. युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांनी तो मोठ्या प्रमाणावर विकत घेतला आणि आज पाश्चात्त्य संग्रहालयांत दिसणारे त्सुबांचे साठे बहुतांशी त्या काळापासून जमत गेलेले आहेत.

त्सुबा हातात आली की ती वाचायची कशी, हे आधी समजून घेतले पाहिजे. मधोमध एक उभट, तिकोनी वाटणारे छिद्र असते, त्यातून पात्याचा मुठीत शिरणारा भाग जातो. या छिद्राचे निमुळते टोक वर येईल अशी त्सुबा धरावी, कारण काताना, म्हणजे सामुराईची मोठी तलवार, धार वरच्या बाजूला ठेवून कमरेला खोचली जात असे आणि चित्र त्या स्थितीत सरळ दिसेल असे कोरलेले असते. जिचे चित्र निमुळते टोक खाली धरल्यावर सरळ दिसते, ती त्सुबा बहुधा कमरेला टांगून वापरायच्या, खाली धार असलेल्या जुन्या पद्धतीच्या तलवारीसाठी केलेली असते. मधल्या छिद्राच्या बाजूंना अनेकदा आणखी एक किंवा दोन छिद्रे दिसतात. त्यांपैकी अर्धचंद्राकृती छिद्र म्यानात खोचलेल्या छोट्या सुरीच्या मुठीसाठी असते आणि तीन पाकळ्यांसारखे छिद्र केस सारखे करायच्या सळईसाठी. मधल्या छिद्राच्या भोवतीचा लंबगोल भाग सपाट, कोरा ठेवलेला असतो, कारण तो पट्ट्यांखाली झाकला जातो, आणि कारागिराची सही असलीच तर ती बहुधा याच भागावर असते. सहीची बाजू ही दर्शनी बाजू आणि ती मुठीकडे तोंड करून असते, कारण तलवार कमरेला असताना समोरच्या माणसाला तीच दिसते.

छिद्राच्या दोन्ही टोकांना तांब्याचे छोटे तुकडे ठोकून बसवलेले दिसले तर ते दोष समजू नयेत. त्सुबा एका पात्यावरून दुसऱ्यावर नेताना छिद्र नेमके जुळवण्यासाठी मऊ धातूचे असे तुकडे भरत आणि त्याच कारणाने छिद्राच्या काठावर छिन्नीचे ठोसेही मारत. उलट, या खुणा म्हणजे ती चकती खरोखर तलवारींवर वापरली गेल्याचा चांगला पुरावा असतो.

आता प्राण्यांकडे वळू. सुरुवातीच्या लोखंडी त्सुबा बहुतांशी साध्या होत्या. नक्षी असली तरी पत्रा आरपार कापून केलेल्या छायाकृतीची होती: एखादा चतुर, उडत्या हंसांची रांग, पंख पसरलेला क्रौंच. चकतीच्या पृष्ठभागाला चित्रफलक मानून त्यावर दृश्य उभे करण्याची कल्पना रुजवण्याचे श्रेय ज्याला दिले जाते, तो कानेइए क्योतोजवळच्या फुशिमीचा. त्याचा काळ सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि त्यानंतरची काही वर्षे असा मानतात. त्याच्या नावाशी जोडलेल्या विषयांत माझ्या मते सर्वांत सुंदर विषय आहे तो पाण्यातल्या चंद्राकडे हात लांबवणाऱ्या माकडाचा. लोखंडाच्या पातळ, किंचित खडबडीत पृष्ठभागावर लांब हातांचे माकड फांदीला लोंबकळते आहे आणि खाली पाण्यात चंद्र आहे, एवढेच दृश्य. बाकीची जागा मोकळी सोडलेली असते आणि ती मोकळी जागाच रात्रीचे काम करते.

ही गोष्ट मुळात आपल्या देशातली आहे. महासांघिक या बौद्ध पंथाच्या विनयग्रंथात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, ती येते: काशी देशात वाराणसीजवळच्या रानात ५०० माकडे राहत होती, एका वडाखालच्या विहिरीत त्यांना चंद्राचे प्रतिबिंब दिसले, चंद्र बुडाला, आता जग अंधारात पडेल, असे वाटून त्यांच्या म्होरक्याने फांदी पकडली आणि बाकीच्यांनी एकमेकांच्या शेपट्या धरून साखळी केली, भार न पेलून फांदी मोडली आणि सगळी माकडे पाण्यात पडली. चिनी यात्रेकरू फाहियान याने या ग्रंथाची प्रत पाटलिपुत्रात मिळवली आणि ४१६ ते ४१८ या काळात बुद्धभद्राच्या साहाय्याने त्याचे चिनी भाषांतर केले. चिनी आणि जपानी झेन चित्रकारांच्या हातून हा विषय पुढे गेला आणि हजाराहून अधिक वर्षांनी फुशिमीच्या एका लोहाराने तो तलवारीच्या चकतीवर आणला. अशी त्सुबा पाहताना केवळ ‘माकड’ म्हणून पुढे जाणे म्हणजे तिचे अर्धे मोल हातचे सोडणे होय.

माकडांचाच दुसरा, अगदी वेगळ्या स्वभावाचा नमुना नागासाकीजवळच्या यागामी इथल्या मित्सुहिरोचा. ‘हजार माकडे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या त्सुबा लांबून पाहिल्या तर लोखंडाचा पृष्ठभाग नुसता उंचसखल, भोकाभोकांचा वाटतो. भिंग लावले की त्या प्रत्येक उंचवट्यात एकेक माकड दिसू लागते: कोणी पाठमोरे, कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर चढलेले, कोणी पिलाला कवटाळलेले, आणि त्यांच्यामधल्या फटी आरपार कापलेल्या. मोजणी नावाप्रमाणे भरत नाही, पण दोन्ही बाजू आणि कड भरून टाकणारी ही गर्दी एकाही ठिकाणी सैल पडत नाही. कानेइएने जागा मोकळी ठेवून जे साधले, ते मित्सुहिरोने जागा शिल्लकच न ठेवता साधले. मित्सुहिरोच्या कामाला मागणी खूप होती, त्यामुळे त्याच्या नकलाही पुष्कळ झाल्या. नक्कल ओळखायची सोपी जागा म्हणजे माकडांचे चेहरे. चांगल्या कामात ते चेहरे एकमेकांपासून वेगळे असतात, वाईट कामात तोच चेहरा छापल्यासारखा पुन्हा पुन्हा येतो.

प्राण्यांची निवड मनमानी नसे. चतुर पुढेच झेपावतो, माघार घेत नाही, असे मानत असल्यामुळे योद्ध्यांत तो विजयाचा कीटक ठरला. घोण म्हणजे युद्धदेवता बिशामोनतेनची दूत मानली जाई. हा बिशामोनतेन म्हणजे आपला वैश्रवण, कुबेर. क्रौंच आणि कासव दीर्घायुष्याचे, धबधबा चढून जाणारा कार्प मासा चिकाटीचा. शिवाय प्राणी सहसा एकटा येत नाही. सिंहासारखा शिशी पिऑनीच्या फुलांसोबत, वाघ बांबूसोबत, हरीण लाल मेपलच्या पानांसोबत, हंस बोरूच्या बेटासोबत आणि ससा समुद्राच्या लाटांसोबत येतो. लाटांवरून धावणारा ससा हा चंद्राशी निगडित आहे; चंद्रावरच्या सशाची जातककथा ज्यांनी ऐकली आहे त्यांना तो परका वाटणार नाही. ही जोडी माहीत असली की अर्धवट झिजलेली नक्षीही ओळखता येते, आणि एखादी भलतीच जोडी दिसली तर ती मुद्दाम केलेली गंमत आहे की उत्तरकालीन अज्ञान आहे, हा प्रश्न विचारता येतो.

वाघाबद्दल थोडे अधिक सांगतो. जपानमध्ये वाघ नाहीत. तिथल्या चित्रकारांनी आणि धातुकारांनी आयात केलेली कातडी आणि चिनी-कोरियन चित्रे पाहून वाघ रंगवला, आणि हालचालीसाठी घरातल्या मांजराचा आधार घेतला. म्हणून त्सुबावरच्या वाघाची बुबुळे अनेकदा मांजरासारखी उभी असतात आणि पाठीचा कणा विलक्षण लवचीक दिसतो. ठिपक्यांचा बिबट्या म्हणजे वाघाची मादी, असाही समज त्या काळी होता, त्यामुळे वाघ आणि बिबट्या जोडीने दिसले तर ते नर-मादी म्हणून दाखवलेले असण्याची शक्यता असते. सह्याद्रीत बिबट्याच्या शेजारात राहणाऱ्या आपल्याला हे विचित्र वाटेल, परंतु न पाहिलेल्या जनावरात एवढा जीव ओतणाऱ्या त्या हातांबद्दल मला तरी आदरच वाटतो.

यापुढे येतो तो धातूचा भाग, आणि माझ्या दृष्टीने हाच या विषयाचा गाभा आहे. त्सुबावर रंग लावलेला नसतो. जे रंग दिसतात ते धातूंचे स्वतःचे असतात. तांब्यात सोन्याचे थोडे प्रमाण, साधारणपणे १ ते ५ टक्के, मिसळून शाकुदो नावाचा मिश्रधातू करतात. ताजा असताना तो तांब्यासारखाच दिसतो, पण ताम्रक्षारांच्या पाण्यात उकळल्यावर त्याच्या पृष्ठभागावर निळसर काळा, कावळ्याच्या पिसाच्या चमकेचा थर येतो. तांब्यात साधारण एक चतुर्थांश चांदी घातली की शिबुइची होतो आणि त्याच प्रक्रियेतून त्याच्यावर करड्या रंगाच्या छटा उमटतात. चांदीचे प्रमाण कमीजास्त केले की छटा बदलते. उकळण्याआधी वस्तू किसलेल्या पांढऱ्या मुळ्याच्या रसात बुडवण्याची पद्धत आहे, त्यामुळे रंग डाग न पडता सारखा येतो. सोने, चांदी, लाल तांबे, पिवळे पितळ, काळा शाकुदो आणि करडा शिबुइची एवढा संच हाताशी आला की कारागीर पिसाची प्रत्येक छटा धातूतून काढू शकतो. इडो, म्हणजे आजचे तोक्यो, इथल्या इशिगुरो घराण्याचा संस्थापक मासात्सुने, १७६० ते १८२८, आणि त्याचे शिष्य फुले आणि पक्षी यांच्या अशा बहुरंगी कामासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या ससाण्याच्या डोळ्यात सोन्याच्या कड्यात शाकुदोची बाहुली बसवलेली दिसते, आणि ती बाहुली खसखशीच्या दाण्याहून मोठी नसते.

अशा चित्रांमागची जमीन अनेकदा माशाच्या गाबोळीसारख्या बारीक दाण्यांनी भरलेली असते. या कामाला नानाको म्हणतात. टोकाला खोलगट वाटी असलेले पोलादी हत्यार धातूवर ठेवून एकेका ठोक्याला एकेक दाणा उठवायचा, असे शेकडो दाणे ओळीत आणायचे आणि ओळ कुठेही वाकडी जाऊ द्यायची नाही. हे काम इतके अवघड की त्याचे स्वतंत्र कारागीर असत. शोगुनांच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशांच्या, सेवेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गोतो घराण्याची ही खूण. शाकुदोची दाणेदार जमीन आणि तिच्यावर सोन्याचा उठावदार ड्रॅगन किंवा शिशी, हा त्यांचा ठरलेला दरबारी थाट.

याच्या दुसऱ्या टोकाला आहे क्यूशू बेटावरच्या हिगो प्रांतातले, आजच्या कुमामोतोतले काम. तिथल्या होसोकावा सरदारांना चहासमारंभाची साधी, संयत अभिरुची प्रिय होती आणि त्यांच्या आश्रयाने घडलेल्या त्सुबांत ती उतरली. तिथल्या शिमिझु घराण्यातल्या जिंगो या नावाने सही करणाऱ्या कारागिरांनी लोखंडावर पितळेचा उठाव जडवून ससाणे केले. त्यात पिसांचा तपशील फारसा नसतो, पण वाकलेली मान, चोच आणि नखांची पकड एवढ्यावर पक्षी झेप घेण्याच्या बेतात आहे हे कळते. योद्धा मियामोतो मुसाशी आयुष्याची शेवटची वर्षे याच कुमामोतोत राहिला आणि १६४५ मध्ये तिथेच वारला. त्याच्या नावाने सांगितली जाणारी त्सुबा समुद्रकाकडीच्या आकाराची दोन लांबट छिद्रे कापून केलेली आहे. प्राणी इतका साधा की माहीत नसेल तर तो प्राणी आहे हेही लक्षात येऊ नये. इशिगुरोचा ससाणा श्रेष्ठ की जिंगोचा, याला एक उत्तर नाही. मला स्वतःला लोखंड अधिक बोलके वाटते, पण ती माझी आवड झाली.

तलवारींचा काळ ओसरू लागल्यावर या कारागिरांचे काय झाले, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कानो नात्सुओ, १८२८ ते १८९८. क्योतोत शिकलेला आणि पुढे राजधानीत स्थिरावलेला हा त्सुबाकार मेइजी सरकारच्या नव्या चलनी नाण्यांच्या कामासाठी बोलावला गेला आणि १८७१ पासून निघालेल्या नाण्यांवरचा ड्रॅगन त्याच्या हातचा आहे. तलवारीच्या चकतीवरचा प्राणी अशा रीतीने लोकांच्या खिशात पोहोचला. नंतर नात्सुओ तोक्योच्या कलाविद्यालयात शिकवू लागला. सर्वांनाच अशी वाट मिळाली नाही. अनेक जण निर्यातीच्या फुलदाण्या, डब्या आणि दागिने करू लागले.

आता निवडीबद्दल. बाजारात सर्वांत जास्त फसवणूक ओतीव त्सुबांची होते. खरी लोखंडी त्सुबा घडीव असते: तापवून, ठोकून, मग छिन्नीने आणि कानशीने कोरलेली. ओतीव नक्कल साच्यातून निघते. म्हणून आधी प्राणी पाहू नये, जाळीच्या छिद्रांच्या आतल्या भिंती पाहाव्यात. घडीव कामात तिथे करवतीच्या किंवा कानशीच्या खुणा आणि स्वच्छ धारदार कडा दिसतात, ओतीव कामात कडा वितळल्यासारख्या गोलसर असतात, बारीक हवेचे खड्डे असतात आणि क्वचित साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ राहिलेली असते. नानाकोचे दाणे भिंगाखाली धूसर, एकमेकांत मिसळलेले दिसले तर संशय घ्यावा. जुन्या लोखंडाचा रंग खोल तपकिरी-काळा, किंचित जांभळट झाक असलेला आणि स्पर्शाला गुळगुळीत असतो. भगव्या रंगाचा, बोटाला लागणारा गंज एक तर दुर्लक्षाचा असतो, नाही तर मुद्दाम चढवलेला. काही जुन्या त्सुबांच्या कडेवर कठीण लोखंडाच्या बारीक गाठी वर आलेल्या दिसतात. त्या असमान घडणीतून आलेल्या असतात आणि जाणकार त्यांना दोष न मानता पसंतीने पाहतात.

सहीवर भिस्त ठेवू नये. प्रसिद्ध कारागिरांच्या नावाच्या खोट्या सह्या त्या काळीही केल्या जात आणि एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या वापरले जात असे. सही नसलेली पण उत्तम घडणीची त्सुबा ही मोठे नाव असलेल्या सुमार त्सुबापेक्षा केव्हाही चांगली. जपानमध्ये १९४८ साली स्थापन झालेली निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही संस्था तलवारी आणि त्यांचा साज तपासून प्रमाणपत्रे देते. होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो अशा त्यांच्या चढत्या पायऱ्या आहेत. पहिली खरेदी करणाऱ्याने अशा प्रमाणपत्राची त्सुबा घ्यावी आणि प्रमाणपत्रावरचे छायाचित्र हातातल्या वस्तूशी भिंग लावून ताडून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

विकत घेतलेली त्सुबा कधीही घासूनपुसून चकचकीत करू नये. पितळ उजळायची पावडर, चिंच, लिंबू, तारेचा ब्रश यांपैकी काहीही शाकुदोला लागले तर शेकडो वर्षांचा काळा थर काही मिनिटांत जाईल आणि खाली तांबूस धातू उघडा पडेल. लोखंडी त्सुबा स्वच्छ, कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसत राहणे पुरेसे असते. सुटा गंज असेल तर तो हाडाच्या किंवा सांबरशिंगाच्या तुकड्याने संयमाने खरवडतात, कारण हे पदार्थ लोखंडापेक्षा मऊ असल्याने खालच्या थराला ओरखडा पडत नाही. बोटांचा घाम धातूला घातक असतो, म्हणून ती कडेने धरावी. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्याने पावसाळ्याची विशेष धास्ती बाळगावी: घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावी, पुड्या ओल्या झाल्या की बदलाव्यात आणि महिन्यातून एकदा तरी डबा उघडून कडा तपासाव्यात. जपानमध्ये यासाठी पाउलोनियाच्या हलक्या लाकडाच्या पेट्या वापरतात आणि चकती आतल्या गादीवर खुंटीने स्थिर बसवतात.

खरेदीच्या आधी डोळा तयार करण्यासाठी आज फार चांगली सोय आहे. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय, बॉस्टनचे ललितकला संग्रहालय, बाल्टिमोरचे वॉल्टर्स आणि ऑक्सफर्डचे अ‍ॅश्मोलियन यांच्या संकेतस्थळांवर त्सुबांची छायाचित्रे विनामूल्य पाहता येतात आणि त्यातली कित्येक इतकी स्पष्ट आहेत की छिन्नीचा घाव मोजावा. एखादा प्राणी निवडावा, समजा ससा, आणि वेगवेगळ्या घराण्यांनी, वेगवेगळ्या धातूंत तो कसा केला आहे ते शेजारी शेजारी ठेवून पाहावे: कान कुठे आरपार कापले आहेत, कुठे उठावाने काढले आहेत, लाट तारेने जडवली आहे की कोरली आहे, आणि मागच्या बाजूला कारागिराने काय केले आहे. मागची बाजू आवर्जून पाहावी. पुढे ससा आणि मागे नुसत्या लाटा, किंवा पुढे हंस आणि मागे चंद्र, अशी रचना जिथे असते तिथे दृश्य कडेवरून वळून पलीकडे जाते, आणि ती कड कशी सांभाळली आहे यावरून कारागिराचा हात सर्वांत लवकर ओळखू येतो.